गोधडीवाल्यांची भिंत

कॅलिफोर्निया,
९ एप्रिल

चि. सौ. कोरिन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि मेपलच्या पाकाची बाटली, दोन्ही पोचली. बाटली निम्मी संपलीसुद्धा. आता माझी बातमी ऐक. विमा कंपनी म्हणते, भिंतींवरच्या लाकडी फळ्या काढून न पेटणाऱ्या सिमेंटच्या बसवा, नाहीतर नोव्हेंबरपासून विमा बंद. या वणव्याच्या डोंगरात विम्याशिवाय राहायची माझी छाती नाही. कंत्राटदार येऊन भिंतींची मापं घेऊन गेला. एकेचाळीस हजार डॉलर म्हणाला! त्याला दिलेली कॉफी परत मागावीशी वाटली. ऑरलिनने मागे ठेवलेल्या पैशांत निम्मंच भागेल.

या फळ्या आमच्या लग्नानंतर ऑरलिननेच ठोकल्या होत्या. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी भिंतीकडे पाहिलं की तो शिडीवरून खिळे मागतोय असं वाटतं. घर विकावं की काय, सुचत नाही. एल्डनरावांना विचार. उत्तराकडे डोळे लावून आहे.

तुझी,
थेडाताई

मिनेसोटा,
२१ एप्रिल

ती. थेडाताईस,
शि. सा. न. वि. वि.

वीक ते घर आणि ये इकडे. आमच्याकडची थंडी अशी, की वणव्यालाही स्वेटर घालावा लागेल. तुझ्यासाठी माडीवरची खोली रिकामी केली आहे. एल्डन म्हणतो, त्या आकड्यात निम्मी तर मजुरीच असणार. मी म्हटलं, म्हणून काय माझी ताई अडुसष्टाव्या वर्षी शिडीवर चढणार? तेव्हापासून तो नुसता हसतो आहे, आणि मला उगाच धास्ती वाटते आहे. हट्ट करू नकोस. आम्हा दोघांची आठवण ठेव.

तुझी धाकटी,
कोरिन

कॅलिफोर्निया,
३० जून

चि. सौ. कोरिन हिस,
अ. उ. आ.

चढले! एल्डनरावांना माझे आभार सांग. ग्रंथालयातून फळ्या बसवण्याचं पुस्तक आणून दोनदा वाचलं आणि गुरुवारच्या आमच्या गोधडी मंडळात विषय काढला. ऑरेलियाने जन्मभर शाळेची बस चालवली, ती कुणाला घाबरत नाही. ती म्हणाली, मापं घ्यायची, कापायचं, जोडायचं, मग आपण इतकी वर्षं दुसरं काय केलं? झालं, पाच म्हाताऱ्या तोंडाला फडकी बांधून कामाला लागल्या.

जुन्या फळ्या उचकटताच आतून ओकच्या बियांचा धबधबा कोसळला. सुतारपक्ष्यांनी भिंतीत कोठार भरलं होतं! ऑरेलिया घोट्यापर्यंत बुडाली आणि असं काही बोलली, की मंडळातल्या पाद्रीबाईंनी लगेच भजन सुरू केलं. वाळक्या सरपणाने भरलेल्या भिंतीशी उशी लावून मी झोपत होते, कोरिन.

मग आम्ही चुकलो. गोधडी आम्ही वरच्या ओळीपासून जोडत आणतो, तशीच भिंतही छपरापासून खाली आणली, आणि खालची प्रत्येक फळी वरच्या फळीवर चढवली. तपासायला आलेला सरकारी माणूस भिंतीवरून बोट फिरवत गेला. मग नरमाईने म्हणाला, काकू, काम सुबक आहे, पण पाऊस सरळ आत शिरेल. सगळी भिंत उसवली आणि खालून पुन्हा घातली. पुन्हा तपासायला आला तेव्हा त्याने आम्ही भाजलेला ‘लेमन पाय’ हा लिंबाचा गोड पदार्थ चवीने खाल्ला.

ऑरलिनच्या फळ्या ट्रकमधून गेल्या त्या दिवशी मात्र मी हातातला हातोडा खाली ठेवला. मंडळाला ते कळलं. त्यांनी मला खिळे मोजायला बसवलं.

देव तुला आणि एल्डनरावांना सुखी ठेवो.

थेडाताई

कॅलिफोर्निया,
१८ ऑक्टोबर

चि. सौ. कोरिन हिस,
अ. उ. आ.

विमा चालू राहिला! सगळा खर्च एकोणीस हजारांत बसला. राग मानू नकोस, मी इथेच राहते.

परवा वणवा पेटवणारा तो कोरडा वारा सुटला. पळावं लागलं तर म्हणून सगळ्यांप्रमाणे मीही मोटारीचं तोंड रस्त्याकडे केलं, बॅग दाराशी ठेवली. एरवी अशा दिवशी बूट घालून खुर्चीत बसून असते. या वेळी आत आले, पीठ मळलं आणि संध्याकाळपर्यंत फुगायला ठेवलं.

पाव छान झाला. उरलेला आज न्याहारीला खाल्ला.

तुझी माया अशीच पोचत राहो.

थेडाताई