पश्चिमेच्या खोलीचा स्लॅब

शाळेच्या पायरीवरून,
२८ मे १९८६

प्रिय भागोजी,

तुझी वहिनी म्हणते आधी खुशाली लिहा. सगळे बरे. हापूस यंदा कमी. माझी नात राही सहा वर्षांची झाली. झाली खुशाली.

सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तू पोफळीच्या प्रकल्पावर ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली दाबून फोडतोस, हे ऐकून हसलो होतो. हातोडीनं फुटतं त्याला मशीन कशाला!

शाळेचा स्लॅब आठवतो ना? पाऊस तोंडावर, खडीचा ट्रक येईना, म्हणून मी खाडीतल्या पडक्या धक्क्याचं काँक्रीट फोडून त्याचीच खडी करून घेतली. तू म्हणालास, दादा, हे तुकडे खारं पाणी प्यायलेत, थांबू. मी कुठला थांबतो? मग तू तुझ्या वाट्याची खडी विहिरीच्या पाण्यानं तीन-तीनदा धुतलीस, दोन दिवस गोणपाटाखाली भिजत ठेवलीस. खडीला न्हाऊ घालतोय, आता काजळ-तीट लाव, असं मी सगळ्या वाडीसमोर म्हटलं. बायका हसल्या. तू नाही हसलास. पूर्वेच्या खोलीवर तू माल घातलास, पश्चिमेच्या मी. माझी कोरडी खडी पाणी शोषून घेई, माल घट्ट होई, फावडं चालेना, म्हणून मी वरून बादल्या ओतल्या. तू बघत होतास. नारळ फुटला तर खोबरंही न घेता एसटीत बसलास.

परवा शाळेची झाडूवाली कमळा झाडायला गेली. पश्चिमेच्या खोलीत पहिलीच्या बस्करावर भाकरीएवढी खपली पडलेली. धावत येऊन सांगितलंन. मी शिडी लावली. सळई बोटानं चोळली तर गंजाचे पापुद्रे हातात आले. दोन्ही खोल्यांच्या छताला हातोडी मारत गेलो. तुझ्या खोलीत ठण्ण. माझ्या खोलीत बद्द. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बद्द. उतरलो आणि जेवायला गेलो नाही. घरी सांगितलं, ऊन लागलं.

हेडमास्तर म्हणतात वरून गिलावा मारून द्या, अकरा जूनला शाळा उघडायची. गिलावा! खोलीला कुलूप घालून चावी मी करगोट्याला बांधली आहे. ते म्हणतात कुलूप तोडू. आणि राही रोज नवी पाटी घेऊन विचारते, आजोबा, माझी खोली कुठली?

स्लॅब पाडणार आहे मी. पण पहिला घाव कुठे घालू? माझी बाजू तोडताना तुझी खाली आली तर? टेकू कुठे, सळई कुठे कापायची, मला नाही माहीत. आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय हे. तू ये. खडीच्या न्हाण्याची गोष्ट वाडीला मीच सांगीन, हसायचं त्यानं मला हसावं. दहा तारखेच्या आत ये. तोवर मी दारातून हलत नाही. आत्ता लिहिता लिहिता आत पुन्हा काहीतरी पडलं.

तुझाच,
शिवादादा