रिकामा पाळणा

सिसलीताई,

काल मेरी राणीला राजपुत्र झाला म्हणून लंडनभर घंटा वाजल्या. तूही ऐकल्या असशील. राजपुत्र आला की कैद्यांना माफी मिळणार, असं जो तो म्हणतो. म्हणजे राणीच्या धर्माच्या प्रार्थनेला गुडघे टेकले नाहीत म्हणून धरलेले आपले दाजीही जिवंत जाळले जाण्यापासून वाचणार.

ताई, घंटा खोट्या होत्या. बाळ झालेलंच नाही. पाळणा हलवायला मला राजवाड्यात ठेवलंय खरं, पण राणीचं पोट रोज थोडं थोडं उतरतंय. कपडे धुणारी म्हणते, "दिसलं ते गिळ बाई. इथे जीभ लांब झाली की मान आखूड होते."

आज सुईण म्हणाली, "रिकामाच हलव गं, म्हणजे बाळ येतं." आठवतं? लहानपणी घरातला रिकामा पाळणा हलवला म्हणून आईने आपल्याला बदडलं होतं, "आणखी एक तोंड आणता का माझ्या घरात, कार्ट्यांनो!"

हे पत्र मी चुलीत घालणार आहे. दाजी सुटून येणार म्हणून तू त्यांचा सदरा धुऊन वाळत घातला असशील. मी पाळणा हलवतेय.

तुझी धाकटी,
जेनेट