बुरशीला घातलेले तीळ

ती. आईस नमस्कार.

आधी कबूल करते. तू निवडून पाठवलेले तीळ मी खाल्ले नाहीत. ते उकडून प्रयोगशाळेतल्या पाण्यातल्या बुरशीला घातले. दुकानातल्या तिळांवर ती धरतच नव्हती. तुझ्या तिळांवर दोन दिवसांत कापसासारखी फुलली.

नखरे फार तिचे. पाणी गारच हवं, रोज ताजं हवं. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बुडवून मी वहीत आकडा लिहिते. एकदाही चुकले नाही. मीही वेळेवर जेवते, काळजी नको.

काल दादाचं पत्र आलं. तीळ निवडत होतीस तेव्हा तुझ्या अंगात ताप होता म्हणे. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता कशी आहेस? नुसतं ‘बरी आहे’ लिहू नकोस. रोज दोनदा ताप बघ आणि आकडा कळव.

तुझी,
धाकटी