रस्ता खाली होत नाही

बाबा, निवडणूक होऊन गेली. बोटावरची शाई अजून पुरती गेलेली नाही आणि माझं डोकंही अजून ठिकाणावर आलेलं नाही. तुम्ही असता तर तुमच्याशी कडाकडा भांडून मोकळी झाले असते. नवऱ्याशी राजकारणावर भांडायला गेलं की तो नुसता चॅनेल बदलतो. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी निवडणूक म्हटलं की मला पहिल्यांदा तुम्हीच आठवता. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे लिहायला बसले आहे. मी बुटीबोरीला सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात असते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला लागायची होते.

निवडणूक आली की आपल्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. भोंगे, वायरींची भेंडोळी, अँप्लिफायर, सगळं स्वयंपाकघरापर्यंत यायचं. आई ओट्याशी पोळ्या लाटते आहे आणि तिच्या मागे तुम्ही जमिनीवर मांडी घालून माईकचं डोकं उघडून बसला आहात, डाळीला फोडणी पडली की खोकता आहात, हे चित्र अजून तसंच्या तसं दिसतं. सगळ्या पक्षांना भाडं सारखं, आवाजही सारखा. आणि एक तुमची अट. नेत्याचं भाषण झालं की माईक लगेच बंद करणार नाही, लोकांनाही बोलायचं असतं. पक्षाची पोरं चिडायची, दुसरा साउंडवाला बघतो म्हणायची आणि संध्याकाळी परत तुमच्याकडेच यायची, कारण तुमचे भोंगे पावसातही घरघरत नसत. एकदा तर उमेदवार भाषण आटोपून जीपमध्ये बसला, जीप चौकापर्यंत गेली, आणि मागून आपल्या गल्लीतल्या एका बाईने माईकवर विचारलं, "भाऊ, नळ कधी येईन ते त सांगून जा!" सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. त्या माणसाला जीप वळवून परत यावं लागलं. नळ पुढे दोन वर्षं आला नाही, ती गोष्ट वेगळी. पण तो माणूस परत आला, याचाच तुम्हाला केवढा आनंद झाला होता!

आणि मला बोललात तेही आठवतं. मी शाळेत होते, तुम्ही माईक तपासायला माझ्या हाती दिला होता आणि मी जीव खाऊन ओरडले होते. तुम्ही माईक काढून घेतला. "ओरडाचंच असन त माईक कायले पाह्यजे वं? माईक असते तो हळू बोलाले." चार माणसांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

आता घराचं सांगते. लकडगंजच्या मागे तुम्ही ते बांधलंत तेव्हा जोतं मुद्दाम उंच घेतलं होतं. पायऱ्या चढून घरात जायचो आपण. गवंडी म्हणाला होता, एवढं उंच कशाला, विटा जास्त लागतील. तुम्ही म्हणालात, पाणी रस्त्यावर राहिलं पाहिजे, माणूस घरात. बाबा, आता आपण पायऱ्या उतरून घरात जातो. सिमेंटचा रस्ता झाला. जुना डांबरी रस्ता खोदून काढायचा सोडून त्याच्यावरच थर टाकले, आणि रस्ता आला आपल्या खिडकीच्या तळाशी. रस्ता कसला गुळगुळीत आहे म्हणून सांगू! त्याच्यावर थेंब थांबत नाही, सगळं पाणी सरळ आपल्या हॉलमध्ये. या पावसाळ्यात पहाटे आईने पलंगावरून पाय खाली टाकले ते घोटाभर पाण्यात. दिवा लावायला भिंतीकडे गेली आणि घसरली. मनगट मोडलं. शेजारच्या वहिनींनी तिचा आवाज ऐकला म्हणून बरं, नाहीतर ती तशीच पाण्यात पडून राहिली असती. मी पोचले तेव्हा पलंगावर बसून, सुजलेला हात मांडीवर घेऊन वहिनींनाच सांगत होती, "चहा ठेव वं, हे आली इतक्या दुरून."

तेव्हापासून मी तिच्या मागे लागले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, पाणी येणार कुठून? पण ती हलेना. "हे घर तुह्या बाबानं बांधलं. मी काहून जाऊ? रस्ता त्याइनं चुकवला, त्याइनं नीट कराव." महापालिकेत गेले, आमदाराच्या ऑफिसात गेले. सगळीकडे गोड बोलले, पाणी दिलं प्यायला. पाणी! मग आमदारकीची निवडणूक लागली आणि एका वाहिनीने जाहीर केलं की आपल्या भागातले उमेदवार एका मंचावर येणार, लोक प्रश्न विचारणार, सगळं थेट दाखवणार. आईने ते ऐकलं आणि मला म्हणाली, "तू जाय. सगळ्याइच्या समोर एक डाव विचार. जो सरळ सांगीन त्याचं मी ऐकीन. राह्य म्हणीन त राहीन, जाय म्हणीन त जाईन." तुमच्या बाईने एवढा मोठा निर्णय टीव्हीवरच्या तीन माणसांच्या हाती दिला, बाबा. मला हसावं की रडावं कळेना. पण तिला तिथून हलवायचा दुसरा मार्ग नव्हता, म्हणून गेले.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. वाहिनीची एक मुलगी आधीच प्रश्न विचारून घेत होती. माझा ऐकून म्हणाली, "ताई, हा फारच लोकल होतो. महागाईवर घ्या ना." मी म्हटलं, माझी आई ज्या पाण्यात पडली ते पाणीही लोकलच होतं. तिने नाव लिहून घेतलं. खुर्च्यांवर निम्मी पक्षांचीच पोरं, कुणी टाळ्यांना, कुणी हूट करायला. मागच्या रांगेतला एक जण दर वाक्याला "काय फेकून राह्यला बे!" म्हणायचा, उमेदवार कुणीही असो. माझ्या शेजारच्या काकू नाश्त्याचं पाकीट मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी त मुलाच्या नोकरीचं विचाराले आली, पण हे आपसातच भांडून राह्यले." खरंच सांगते, पहिला अर्धा तास त्यांनी एकमेकांचा बाप काढण्यात घालवला. जाकीटवाले चालू आमदार, पांढरे बूट घातलेला तो तरुण विरोधक, दोघं एकदम बोलायचे आणि निवेदक तिसराच त्यांच्यापेक्षा मोठ्याने. तिसरा उमेदवार अपक्ष, लकडगंजात लाकूड कापायची आरा मशीन चालवतो. त्याला कुणी बोलूच देईना. एक जण ओरडला, "अबे, त्याले बी बोलू द्या ना!" आणि सगळे हसले.

माझ्यापर्यंत माईक आला तेव्हा तो दोन वेळा बंदच होता. बाहेर वाहिनीच्या गाडीत बसलेला कुणीतरी बटण दाबेल तेव्हा चालू होणार. तुमची पोर, बाबा, आणि मी मेलेला माईक हातात धरून उभी! शेवटी आवाज आला. मी हळू बोलले, शपथेवर सांगते. रस्ता घराच्या वर गेला आहे, पाणी घरात येतं, आई पडली, तिने त्या घरात राहावं की नाही, तेवढं सांगा. आमदार म्हणाले, ताईंचा प्रश्न माझ्या काळजाला भिडला, आणि मग काळजावरून थेट जागतिक दर्जाच्या रस्त्यांवर गेले. तरुणाने छातीवर हात ठेवला. "ताई, आईला सांगा, घर सोडायचं नाही. मला निवडून द्या, पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता खोदून खाली घेतो!" टाळ्या. शिट्ट्या. काकूंनी पाकीट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग निवेदकाने घड्याळ बघत त्या आरा मशीनवाल्याकडे हात केला.

तो उठला, घसा साफ केला. "बाई, खोटं बोलू का? रस्ता खाली होत नाही. सिमेंटचा आहे. मी आलो, हे आले, कोणीबी आलं, तरी तो कोणी खोदत नाही. नाली करून देईन म्हणतो, पण तुमचं घरच नालीच्या खाली आहे. आईले तिथं ठेवू नका." एवढंच. आणि मैदानात जो गोंधळ उठला, काय सांगू! "हटाओ इसको!" "घरी बस बे!" आणि त्या सगळ्यांत मी. माईक अजून माझ्याच हातात होता आणि त्या दिवसात पहिल्यांदा नीट चालू होता. मी किंचाळले, "करायचंच नाही तर उभे कशाला राहिलात? लाज वाटत नाही?" निवेदकाला तर लॉटरीच लागली. "बघा, बघा, हा आहे मतदारांचा संताप!" तेवढाच तुकडा त्यांनी दोन दिवस फिरवला. नातेवाइकांचे फोन. काय सुनावलंस गं! शाब्बास! ज्या दोघांनी मला गुंडाळलं त्यांना मी हात जोडून धन्यवाद म्हटलं होतं आणि ज्याने उत्तर दिलं त्याची लाज काढली होती, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

आईच्या आलं. मी घरी पोचले तेव्हा टीव्ही बंद, वहिनी दाराशी, आणि आई पलंगावर. मला वाटलं, राहते म्हणेल. त्या पोराने तर स्पष्ट सांगितलं होतं, घर सोडू नका. ती म्हणाली, "बॅग काढ." मी म्हटलं, अगं, तो तरुण म्हणाला ना, रस्ता खाली घेतो? "तो कालच्या सभेत रिंगरोडवाल्याइले बी हेच म्हणून राह्यला होता. मी ऐकलं. हा आरामशीनवाला एकटा सरळ बोलला." मग म्हणाली, "तू काहून ओरडली वं त्याच्यावर? त्यानं आपलं काय वाईट केलं?" मी चिडून म्हटलं, त्याचं डिपॉझिट जाईल. "जाऊ दे. माह्यं मत त्याले."

एका हाताने तिने स्वतःच्या साड्या घड्या केल्या. मला हात लावू दिला नाही. ओटा पुसला, देव एका पिशवीत घेतले, तुमचा फोटो दुसऱ्या पिशवीत. मी सारखी डोळे पुसत होते आणि ती माझ्यावर खेकसत होती की रिक्षावाला उभा आहे, मीटर पडतं. बाबा, मला एवढ्या महिन्यांपासून जे हवं होतं तेच घडत होतं. आई कोरड्या जागी येणार होती. आणि मला त्या आरा मशीनवाल्याचा इतका राग येत होता की समोर असता तर मी त्याचा गळा धरला असता. त्याने काय बिघडवलं होतं आपलं? काहीच नाही. पण तुम्ही विटेवर वीट चढवून उंच केलेलं घर त्याने एका वाक्यात खाली आणलं, आणि ते वाक्य खरं होतं. खोटं असतं तर सहन झालं असतं.

मतदानाला आई आपल्या जुन्याच केंद्रावर आली. नाव बदलून घेऊ म्हटलं तर नको म्हणाली. मत देऊन बाहेर आली ती कितीतरी दिवसांनी हसत. बोट दाखवून म्हणाली, "देऊन आली त्याले." माझंही नाव अजून तिथल्याच यादीत आहे, मग मी आत गेले आणि बाहेर आले. तिने विचारलं, "तू बी त्यालेच देल्लं ना?" मी हो म्हटलं. निकाल तुम्ही ओळखला असेलच, जाकीटवाले आले. अपक्षाला मोजकी मतं पडली, आई अजून म्हणते, त्यातली दोन आपल्या घरची. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून तो घरी नेणार नाही. इथेच ऑफिसच्या खणात राहील, हजेरीपटांच्या खाली.

कारण आपल्या घरची त्याला मतं दोन नव्हती, बाबा, एकच होतं. मी बटण दाबलं ते त्या पांढऱ्या बुटवाल्याचं, रस्ता खाली घेतो म्हणणाऱ्याचं. तो फेकतो आहे हे मला आईइतकंच ठाऊक होतं. पण तुमचं घर गेलं असं सांगणाऱ्या माणसापुढचं बटण माझ्याच्याने दाबवलं नाही. मतदानाच्या मशीनचा तो लांब आवाज वाजत होता तेवढा वेळ रस्ता खाली होता आणि आपण पायऱ्या चढून घरात जात होतो. आईला सांगू नका.