सर्जेरावाचं घर वगळून

१३ एप्रिल

काल जत्रेत सर्जेरावानं माझ्या हातातलं आरतीचं ताट काढून घेतलं. सगळ्या गावासमोर. भैरोबाच्या पहिल्या आरतीचा मान आमच्या घराचा. माझे यजमान शिवराज गेले, आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून यंदा मी उभी राहिले. सर्जेराव त्यांचे चुलत चुलते. म्हणाला, "सूनबाई, विधवेच्या हातची देवाला चालत नाय." आणि ताट स्वतःच्या मुलाला, सोमनाथला दिलं. कुणी काही बोललं नाही. ज्यांच्या पोरांना मी शाळेत हात धरून अक्षरं गिरवायला लावली, तेही नाहीत.

चालत घरी आले. रडले नाही.

१५ एप्रिल

त्याचं वाईट व्हावं. दुसरं काही मनात येत नाही.

२ मे

तालुक्याहून निरोप — जिल्ह्याचं पुस्तक निघतंय. प्रत्येक गावाचा भूगोल, इतिहास, संस्कृती. मजकूर शाळेनं द्यायचा. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहा." मी लिहिते म्हणाले. इतक्या पटकन, की ते बघतच राहिले.

६ मे

भूगोल झाला. गंगाथडीची, नदीकाठची काळी जमीन, कपाशी, ऊस. निजामाच्या काळातली चावडी, जहागीरदार, पाटलाचे उर्दू कागद — तेही झालं. मग धरण. जुनं गाव पाण्यात गेलं. नव्या गावठाणासाठी दाखवलेली जागा नुसता खडक. तेव्हा सर्जेरावाच्या बापानं स्वतःचं रान दिलं. भैरोबाचे दगडसुद्धा त्याच्याच बैलगाड्यांतून वर आले. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी लिहिलं — "गावकऱ्यांनी जागा उपलब्ध करून दिली."

परत वाचलं. लई दिवसांनी चहा गोड लागला.

१५ मे

पूर्ण. सर्जेरावाचं घर कुठंच नाही. नकाशातही त्यांच्या गल्लीला नुसतं "उत्तरेची वस्ती". मानाची एवढी हाव ना? मग नाव नसणं कसं लागतं ते कळू दे.

२० मे

देवळासमोर मजकूर वाचून दाखवला. सर्जेराव सगळ्यात पुढं, नवा फेटा बांधून. गावठाणाची गोष्ट आली तसा सरसावून बसला. मी ते वाक्य सावकाश वाचलं आणि पुढं गेले.

म्हातारे सांडूबाबा म्हणाले, "मॅडम, रान तर यायच्या बापानं दिलं व्हतं..."

मी म्हणाले, "बाबा, पुस्तकात जागा कमी आहे."

सर्जेराव उठला. काठी शोधायला लागला. काठी पायाशीच होती, त्याला दिसत नव्हती. मला दिसत होती. सांगितलं नाही.

रात्री पोटभर जेवले.

२२ मे

सोमनाथ आला, बापासाठी. "वहिनी, दादा जेवत नायत. एक ओळ तरी घाला."

"ताट घेताना तू एकदा तरी नको म्हणालास का?"

खाली मान घालून गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला.

२४ मे

आज आवडाबाई आली — सर्जेरावाची बायको. भर उन्हात, एकटी. नवऱ्यासाठी पदर पसरायला आली असणार. मी तयारच होते.

बसली. गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "त्यायचं नाव टाक, नायतर नको टाकू. मी त्यासाठी नाय आले."

"मग कशासाठी, आत्याबाई?"

"मी बायांमधी बसून सगळं ऐकलं. पाणी आलं, गाव उठलं, देवाचे दगड आले. माझी लेक नाय आली त्यात."

मला कळेना. मग सांगितलं तिनं. गाव उठलं तेव्हा ती ओली बाळंतीण. इथं ना घर, ना छप्पर. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आडोसा केलेला. थंडीचे दिवस. पोर त्या आडोशातच गेली.

"सासऱ्यानं रान दिलं म्हणून लोक त्यायच्या पाया पडायचे. त्या रानात पहिली गेली ती माझी पोर. तुझी शाळा हाये ना, तिच्या मागं पुरली."

"नाव काय होतं?"

"बारसं कुठं झालं? मी मनात गोदी म्हणायचे. आजवर कुणी इचारलं नाय. त्यायनीबी नाय."

चहा केला. ती प्यायली.

२५ मे

सगळा मजकूर पुन्हा वाचला. जहागीरदार, पाटील, महाराज, सरपंच. बाईचं नाव एक नाही. हे काही सर्जेरावानं सांगितलं नव्हतं. मी लिहिलं.

२६ मे

सर्जेरावाला माफ केलेलं नाही. त्याच्या बापाचं नाव घातलं, दुसऱ्या ओळीत. पहिली अशी — "या गावठाणात सगळ्यांच्या आधी कायमची राहायला आली ती आवडाबाईंची लेक, गोदी."