शोकेसातला डबा

मंगळवार, दिवे लागल्यावर

डोकं नुसतं फिरायलंय. दुपारी राणीसावरगावहून चुलतसासू आल्या. चहा टाकायच्या आधी सासूबाईंनी शोकेसातल्या, गरोदरपणी दुधातून घ्यायच्या पावडरच्या डब्याकडं बोट केलं. "सूनबाईसाठी आणलाय. लय महागाचा हाय. आमी काई कमी पडू देत न्हाई." सीलबंद डबा! त्यातला एक चमचा तरी कधी माझ्या दुधात पडला का? पाहुणे यायचे म्हणलं की पदरानं पुसायचा, बस्स.

सकाळीच दवाखान्यातल्या सिस्टर म्हणल्या, "पावडर पिली म्हणून पाणमोट लवकर फुटायची थांबत न्हाई. डाळ, अंडी, पेरू खा. गोळ्या चुकवू नको. लघवीला जळजळ व्हायली तर त्याच दिवशी ये." घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर म्हणल्या, अंडं आपल्यात चालत न्हाई. पेरू थंड. सरकारी गोळ्या फुकटच्या, त्यांच्यात काय दम असणार! आन् जळजळीचं तर बाईमाणसानं बोलूच नये म्हणे. मागच्या खेपेलाबी असंच गप्प बसवलं होतं. सातव्यातच पाणी गेलं. बाळ रडलंसुद्धा न्हाई.

चुलतसासू गेल्यावर मी डबा खाली काढला. आणलाच हाय तर पिते तरी, म्हणलं. सील तोडताना तारखेवर नजर गेली. कधीच उलटून गेलेली. म्हणजे मागच्या खेपेलाच आणलेला.

ह्या बाळासाठी काईच आणलेलं न्हाई. हा डबा त्या बाळाचा हाय. आन् सासूबाई अजून तो पदरानं पुसायल्यात.