खिशातले दोन किलो

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलो असतो तर पँटचं बटण उडून तुझ्या चष्म्याला लागलं असतं, म्हणून कागदावरच करतो. बटणाचं प्रकरण पुढे येईलच.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजूनही ते तुला कळू नये म्हणून उशीत तोंड खुपसून खोकतात? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिलं. तू ते वाचून सोडून दे.

पत्र मी वजनकाट्याच्या केबिनमधून लिहितोय. 'बसून' लिहिणार होतो, पण बसवतच नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीपर्यंत सहा पावलं जातो, काट्यावर ट्रक आला नाही ना ते पाहतो आणि परत येतो. (आत्ताही जाऊन आलो. नाही आला.) आठवडाभर हेच चाललंय. तुझी भावजय विचारते, असे येरझाऱ्या काय घालताय, तर मी म्हणतो, डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय. हे खरंही आहे आणि खोटंही आहे, आणि सध्या माझ्या तोंडून जे निघतं ते सगळं याच जातीचं असतं.

दोन महिन्यांपूर्वी तू मला दंडाला धरून त्यांच्या दवाखान्यात नेलंस. वाटेत एवढंच बोललीस, "बाबांना एक्कावन्नाव्या वर्षी दिसेनासं झालं आणि तू आता पन्नाशी पार केलीस." मी म्हटलं, बाबांची साखर वेगळी, माझी वेगळी. मला आठवतं, शेवटी शेवटी बाबा आपल्याला पावलांच्या आवाजावरून ओळखायचे, आणि मी जड पाय टाकत येतो म्हणून मला तुझ्याआधी ओळखायचे. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा. ताई, मी भ्यालोय. हे इथेच लिहून टाकतो, कारण पुढे मी गमती करत सुटेन आणि नेमकं हेच राहून जाईल.

डॉक्टरीणबाईंची अडचण अशी, की त्या रागावत नाहीत. त्यांचे वडील, आपले जुने डॉक्टर, कसे होते बघ. आपण आत शिरलो की ते ओरडायचे, आपण मान खाली घालायची, बाहेर पडलं की समोरच्या दुकानात दोन बिस्किटं खायची, आणि दोघांचंही समाधान. या बाई पेनाचं टोपण चावत (इतकं चावतात की त्याला आता टोपण म्हणवत नाही) विचारतात, झोप कशी लागते, जेवताना सोबत कोण असतं, खावंसं केव्हा वाटतं. मी म्हटलं, ट्रक नसला की. त्यांनी ते लिहून घेतलं! मग तीन गोष्टी ठरल्या. जेवल्यावर दहा मिनिटं चालायचं, दुसऱ्या कपापासून चहा बिनसाखरेचा, आणि बिस्किटं डब्यातून न खाता बशीत काढून खायची. तीन महिन्यांत पाच किलो उतरले तर साखर आणि रक्तदाब दोन्ही ऐकतील, म्हणाल्या. घाई नाही, आपण दोघं मिळून बघू. हे तू ऐकलंसच. पण त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, नर्सबाई म्हणाल्या, वजन सोमवारी येऊन करून जा, आणि सोमवारी तू नव्हतीस. तुझ्यासमोर वजन झालं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, तेव्हा थोडा दोष तुझ्याकडेही येतो.

(ट्रक आला. थांब.)

गेला. तर, मी सव्वीस वर्षं काट्यावर आहे. खडी घेऊन येणारा ट्रक आधी भरलेला तोलायचा, माल उतरला की रिकामा तोलायचा, दोन्हींतला फरक म्हणजे माल. लबाडी करणारा ती पहिल्या वजनाला करतो. आपला एक जुना ड्रायव्हर आहे, त्याला आम्ही 'पाणीवाला' म्हणतो. तो पहिल्या वजनाला पाण्याची पिंपं काठोकाठ भरून आणायचा आणि आत जाऊन ओतून टाकायचा. खडीच्या भावात पाणी विकायचा! त्याला मी पकडला, तेव्हापासून माझी ख्याती झाली की या माणसाला कोणी फसवू शकत नाही. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी गोदामातल्या पोत्यांच्या काट्यावर गुपचूप उभा राहिलो. (आमचा मोठा काटा वीस-वीस किलोंनी चढतो. त्याच्या मते मी शंभराचा आहे, आणि त्याच्याशी मी वाद घालत नाही.) पोत्यांच्या काट्याने पंच्याण्णव किलो सातशे ग्रॅम दाखवले. मी खाली उतरलो आणि माझ्या डोक्यात सव्वीस वर्षांची विद्या उलटी फिरली.

सोमवारी मी कोटाच्या आतल्या खिशांत काटा तपासायची दोन लोखंडी वजनं घातली, एकेक किलोचं. बाहेरच्या एका खिशात फाटकाचं कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्यात बॅटरी. वर लोखंडी टाचांचे बूट. नर्सबाईंनी बूट काढायला लावले तेव्हा माझं मोठं नुकसान झालं, पण कोट अंगावर राहिला. थंडी वाजते म्हणालो. (उन्हाळा होता. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला.) कार्डावर नव्व्याण्णव किलो लागले. पंधरा दिवसांनी एक वजन केबिनमध्ये ठेवून गेलो, अठ्ठ्याण्णव. पुढच्या खेपेला दुसरंही ठेवलं, सत्त्याण्णव. एक बिस्कीट कमी केलं नाही, एक पाऊल जास्त टाकलं नाही, आणि डॉक्टरीणबाई मात्र दर वेळी खुर्चीतून उठून शाबासकी द्यायच्या. ते कार्ड तुझ्या भावजयीने फ्रिजवर लावलं. तेवढ्यावर न थांबता कार्डावर विश्वास ठेवून माझ्या चारही पँटा कमरेत दीड-दीड इंच आत घेतल्या. आता मी श्वास घेतो तो केबिनचं दार लावल्यावर, बटण काढून. ती मात्र शेजारणीला सांगते की ह्यांना जमलं, कोणालाही जमेल. हे ऐकताना मला फार वाईट वाटतं आणि वाईट वाटलं की मी डब्याकडे जातो.

पाणीवाल्याने मात्र पहिल्या नजरेत ओळखलं. खिडकीशी पावती घ्यायला उभा होता, आत टेबलावर दोन सुटी वजनं, माझा कोट आणि भिंतीवर लावलेली कार्डाची नक्कल त्याला एकदम दिसली. माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "साहेब, पहिलं वजन भरून केलंत वाटतं!" मी त्याला दटावलं. तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाला, "मी नुसतं पाणी ओतत होतो, साहेब. तुम्ही जपून." आणि पावती घेऊन गेला.

चौथ्या खेपेला कुलूप, किल्ल्या, बॅटरी सगळं उतरवून गेलो. शहाण्णवच्या आत आलो. म्हणजे मी परत तोच, रविवार संध्याकाळचा, फक्त सोबत शाबासकी. पण या वेळी रक्ताचा अहवाल आला होता. साखर वाढलेली आणि रक्तदाबही. डॉक्टरीणबाई कार्डाकडे बघतात, अहवालाकडे बघतात, टोपण तोंडात. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, मनापासून सांगा, ठरलेलं जमतंय का? नाही जमलं तरी चालेल. आता इतक्या मायेने कोणी विचारलं की माझ्याने राहवत नाही. मी म्हटलं, नाही हो, काहीच जमलेलं नाही. ताई, आयुष्यात एकदा खरं बोललो, ते नेमकं अर्धं! त्या म्हणाल्या, काहीच न करता तीन किलोंवर वजन उतरतंय आणि साखर चढतेय, हे मला आवडलेलं नाही. तिथल्या तिथे तीन नळ्या रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी अकराला ठरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा स्वतःचा फोन. भूक लागते का, रात्री घाम येतो का, वडिलांना डोळ्यांशिवाय आणखी काय होतं. जेवायची सुट्टी होती त्यांची, मागे कोणीतरी म्हणत होतं की तुमचं ताट गार होतंय. मी म्हणालो, भूक लागते. त्या म्हणाल्या, बरं झालं, आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की त्या माझी काळजी करताहेत. माझी म्हणजे, जे माझ्या पोटात नाहीच त्याची. आणि जे खरंच अंगात आहे, ज्याने बाबांचे डोळे गेले, ते या कार्डाच्या आडोशाने दोन महिने मजेत वाढतंय.

तेव्हापासून मी असा. ट्रक बघतो, कार्ड बघतो, बशी बघतो. आता खिशातून काढायला काहीच उरलेलं नाही, उरलोय तो मीच. डॉक्टरीणबाईंना फोन करायला तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. ओरडणाऱ्या माणसाशी खोटं बोललेलं मी कितीही पचवीन. भाऊजींना नमस्कार सांग. तुझ्या कमरेला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी साडेदहालाच ये. अकराच्या आत मला त्यांच्या खोलीत शिरायचंय. तू शेजारी फक्त बस, बोलू नकोस. मी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या तर लहानपणी घ्यायचीस तसा दंडाला चिमटा घे.

ता. क. आणखी एक. येताना हे पत्र सोबत आण. माझी जीभ उचलली गेली नाही, तर ते त्यांच्या हातात दे. खरं सांगायचं तर त्यासाठीच एवढं सविस्तर लिहिलंय, तुला थोडक्यातही कळलं असतं. पेनाच्या टोपणाबद्दल लिहिलंय तेवढं आधी खोड. आणि पँटांचं तुझ्या भावजयीला मी स्वतः सांगणार आहे. (शुक्रवारी.)

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी गोदामात जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभा राहून आलो. अनवाणी, कोट काढून. पंच्याण्णव किलो दोनशे. उतरून परत चढलो, तरी दोनशेच. आठवडाभर बिस्कीट घशाखाली उतरत नाहीये आणि पाय एका जागी ठरत नाहीत, त्याचे असतील. पण ताई, हे पाचशे ग्रॅम माझे आहेत, हे कोणत्याही खिशातले नाहीत. डॉक्टरीणबाईंना हे आधी सांगावं की नंतर, ते तू ठरव. आणि गुरुवारी मला आत सोडण्यापूर्वी दारातच माझे खिसे तपास.